इशारा आणि मनाई

सी भाषेचे नियम केव्हा बदलले, हे पुस्तकांत सापडते. नियम मोडणाऱ्याला कंपायलरने प्रत्यक्ष केव्हा अडवले, हा इतिहास मात्र निराळा आहे.

कंपायलर चूक दिसली की थांबतो. ‘वॉर्निंग’ म्हणजे इशारा असेल, तर तो छापून पुढे जातो. सुरुवातीला बारीक तपासणी कंपायलरकडे नव्हतीच. बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७०च्या दशकात त्यासाठी ‘लिंट’ हा वेगळा प्रोग्राम लिहिला. पुढे १९८७ साली आलेल्या जीसीसीसारख्या कंपायलरांनी हे काम स्वतःकडे घेतले. त्यात ‘डब्ल्यू-ऑल’ हा पर्याय बरेच इशारे चालू करतो. ‘डब्ल्यू-एरर’ प्रत्येक इशाऱ्याची चूक करतो, म्हणजे कंपाइल होणेच थांबते.

सौम्यपणाची किंमत एका उदाहरणात दिसते. घोषित न केलेले फंक्शन पूर्णांक परत देते, असे जुनी सी गृहीत धरी. १९९९च्या मानकाने ही सवलत काढली, तरी जीसीसी केवळ इशारा देत राहिले. ६४ बिटांचा पत्ता ३२ बिटांचा पूर्णांक समजला गेला, की त्याचा अर्धा भाग गळतो. प्रोग्राम कंपाइल होतो आणि चालताना कोसळतो. जीसीसीच्या चौदाव्या आवृत्तीने २०२४ साली ही चूक ठरवली. नियम आणि अंमल यांत पंचवीस वर्षे गेली.

पण सरसकट कडकपणाही टिकत नाही. सप्टेंबर २०२१मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलसाठी ‘डब्ल्यू-एरर’ आपोआप लागू केला. काही दिवसांतच तो मुख्यतः चाचणीच्या बांधणीपुरता ठेवावा लागला.

कारण काही इशारे अनुमानाचे असतात. प्रोग्राम न चालवता त्यातील मूल्यांचा प्रवास कसा ओळखावा, हे शास्त्र आयआयटी मुंबईचे उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्या २००९च्या ‘डेटा फ्लो अ‍ॅनालिसिस’ या ग्रंथात आहे. असे विश्लेषण प्रत्यक्षात कधीच न घेतल्या जाणाऱ्या वाटाही धरते. म्हणून ‘हे चल कदाचित मूल्याविना वापरले जाईल’ असा इशारा ऑप्टिमायझेशनच्या पातळीनुसार येतो किंवा जातो. ‘डब्ल्यू-एरर’ असेल, तर एकच मजकूर एका पातळीवर कंपाइल होतो, दुसरीवर अडतो.

मोर्शीत बसून दुसऱ्यांचे जुने प्रोग्राम नव्या कंपायलरवर उभे करणाऱ्या माझ्यासारख्याला यातून एक निष्कर्ष काढावासा वाटतो. निश्चित नियमभंगाला मनाई लवकर हवी. अनुमानाला मनाईचा दर्जा लेखकाने आपल्या संगणकावर जरूर द्यावा. प्रोग्रामसोबत तो इतरांच्या हाती देऊ नये. त्यांचा कंपायलर त्याने पाहिलेला नसतो.