सोनोग्राफीपूर्वीची सही

बंगळुरूत गरोदर स्त्रीच्या सोनोग्राफीपूर्वी ‘फॉर्म एफ’वर तिची सही घेतात : गर्भाचे लिंग जाणून घ्यावयाचे नाही. आपल्या मराठी मंडळींना हा उगाच अविश्वास वाटतो. वस्तुतः या कागदाचे मूळ आपल्याच घरी आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा १९९४चा कायदा १९९६पासून अमलात आला. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे १९९१ साली ९४६ असलेल्या मुली २००१ साली ९१३ उरल्या. (कायदा होता, अंमलबजावणी नव्हती, हे प्रशासनाचेच अपयश.) अखेर सर्वोच्च न्यायालयाने खडसावले आणि २००३च्या दुरुस्तीने कायदा कडक झाला. लिंग शब्दाने काय, खुणेनेही सांगणे गुन्हा आहे. डॉक्टर गप्प राहिले, तर रागावू नये.