क्लाइमवर्क्स

हवेतला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढून जमिनीखाली कायमचा जिरवण्याचे काम करणारी स्विस कंपनी. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात शिकलेल्या क्रिस्टोफ गेबाल्ड आणि यान वुर्झबाखर या अभियंत्यांनी ती 2009 मध्ये काढली.

हवेत हा वायू जेमतेम 0.04 टक्के असतो आणि सगळी अडचण तिथूनच सुरू होते. मोठे पंखे हवा ओढून गाळण्यांतून सोडतात. गाळणीतल्या रसायनाला वायू चिकटतो. ती भरली की तिची पेटी बंद करून सुमारे 100 अंश सेल्सियसपर्यंत तापवतात आणि सुटलेला वायू गोळा करतात. याला उष्णता आणि वीज भरपूर लागते. ती कोळशाची असेल तर सारा खटाटोप वाया जाईल, म्हणून कंपनीने आइसलँडमधल्या हेल्लिशेइदी भूऔष्णिक केंद्राशेजारची जागा निवडली. तिथे कार्बफिक्स ही कंपनी वायू पाण्यात विरघळवून बेसाल्ट खडकात सोडते. सह्याद्रीचा काळा पाषाण याच जातीचा. खडकातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी संयोग होऊन वायूचे खनिज बनते. सुरुवातीच्या प्रयोगात 95 टक्क्यांहून अधिक वायू दोन वर्षांच्या आत असा बद्ध झाल्याचे 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. या तंत्राची ही बाजू भक्कम आहे.

वायू पकडला म्हणजे हटवला, असे मात्र नव्हे. कंपनीचा स्वित्झर्लंडमधल्या हिनविल येथील 2017 चा प्रकल्प पकडलेला वायू हरितगृहातल्या भाज्यांना पुरवी. तो पुन्हा हवेतच जाई.

कंपनीची खरी उपयुक्तता मोजायची ती क्षमता आणि प्रत्यक्ष काम यांतल्या अंतरावरून. आइसलँडमध्ये 2021 मध्ये सुरू झालेल्या ‘ऑर्का’ प्रकल्पाची जाहीर क्षमता वर्षाला 4,000 टन, तर मे 2024 मधल्या ‘मॅमथ’ची 36,000 टन. उद्घाटनावेळी मॅमथच्या 72 पेट्यांपैकी 12 च बसल्या होत्या. मे 2025 मध्ये ‘हेइमिल्डिन’ या आइसलँडच्या वृत्तपत्राने दाखवून दिले, की 2021 पासून दोन्ही प्रकल्पांचे मिळून जेमतेम 2,400 टन पकडले गेले आणि त्यात मॅमथचा वाटा 105 टन. त्याच महिन्यात कंपनीने शंभराहून अधिक कर्मचारी कमी केले. जुलैत तिला 16.2 कोटी डॉलरचे नवे भांडवल मिळाले.

मॅमथ पूर्ण क्षमतेने चालला, तरी त्याचे वर्षभराचे काम म्हणजे जगाच्या सुमारे अर्ध्या मिनिटाच्या उत्सर्जनाएवढे. तरीही सिमेंट आणि विमानवाहतुकीचे शेवटचे उत्सर्जन निस्तरायला असे तंत्र लागेल, म्हणून ते टिकायला हवे. मात्र आज उत्सर्जन कमी न करण्याची सबब म्हणून त्याने हटवलेले टन विकत घेणे गैर आहे.