एका शिलिंगाची कपात

१९३१. मंदीमुळे ब्रिटनच्या बजेटमध्ये मोठी तूट आली, पौंडावरचा विश्वास उडू लागला. बेकारभत्त्यात १० टक्के कपातीवरून मजूर पक्षाचं मंत्रिमंडळ ११ विरुद्ध ९ असं फुटलं. नव्या राष्ट्रीय सरकारचे अर्थमंत्री स्नोडेन (तेही मूळचे मजूर पक्षाचेच!) यांनी सप्टेंबरमध्ये शिक्षक, पोलीस, सैनिकांच्या पगाराला कात्री लावली. संसदेत भाषा होती समान त्यागाची. पण जुन्या वेतनश्रेणीतल्या साध्या खलाशाचे रोजचे ४ शिलिंग ३ वर येणार होते. म्हणजे थेट २५ टक्के! याला समान कसं म्हणायचं? १५ सप्टेंबरला स्कॉटलंडमधल्या इन्व्हरगॉर्डन बंदरात खलाशांनी जहाजं हलवायला नकार दिला. तेव्हा कुठे सरकारने कपात १० टक्क्यांवर आणली. २१ सप्टेंबरला ब्रिटनने सुवर्णमान सोडला. तो वाचवण्यासाठीच हा सारा खटाटोप होता. कापलेले पगार पूर्ववत व्हायला मात्र १९३५ उजाडलं.