डब्यात गुलाबी, पापणीवर राखाडी. सावळ्या रंगाला शोभणारी आयशॅडो कशी निवडायची?

पॅलेटमध्ये सुंदर गुलाबी दिसणारी आयशॅडो पापणीवर लावली की राखाडी, पिठूळ दिसू लागते. गव्हाळ किंवा सावळा रंग असलेल्या अनेकींचा हा अनुभव असतो आणि 'आपल्याला मेकअप सूटच होत नाही' असं म्हणून पॅलेट कपाटात जातं. गडबड मात्र बहुतेकदा त्या डब्यातच असते.

असं का होतं?

पावडर आयशॅडोमध्ये रंगद्रव्याबरोबर टाल्क, अभ्रक असे फिकट घटक असतात. रंगद्रव्य कमी आणि हे घटक जास्त असले की त्वचेवर पांढरट थर बसतो. गोऱ्या त्वचेवर तो लपतो, सावळ्या त्वचेवर उठून दिसतो. फिकट पेस्टल शेड्समध्ये हा त्रास सर्वाधिक.

त्यामुळे दुकानात टेस्टर बोटाने मनगटाच्या आतल्या बाजूला एकदाच ओढून पाहावा आणि दाराबाहेर उजेडात येऊन बघावं. दुकानातले दिवे भलतंच दाखवतात. टेस्टर थेट डोळ्याला लावू नये, तो किती जणींनी वापरलाय याचा हिशेब नसतो.

कोणते रंग?

तांबूस, ब्राँझ, विटकरी, वांगी, गडद हिरवा हे रंग सावळ्या त्वचेवर खुलतात. तपकिरी डोळ्यांना तसे सगळेच रंग चालतात, पण नेव्ही ब्लू आणि जांभळ्याने ते जास्त उठून दिसतात. कारण तपकिरी म्हणजे मुळात गडद नारिंगी, आणि रंगचक्रात नारिंगीच्या समोर निळा येतो.

लग्नसराईत साडीच्याच रंगाची आयशॅडो लावायचा मोह होतो. मोरपंखी पैठणीवर पापणीभर मोरपंखी, हे नाटकाच्या रंगमंचावर ठीक. त्यापेक्षा जरीचा सोनेरी किंवा तांबूस रंग पापणीवर घ्यावा आणि साडीचा रंग खालच्या पापणीच्या कडेला बारीक रेघेपुरता ठेवावा.

लावायची कशी?

कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर आधी त्या घालाव्यात. पापणीचा रंग चेहऱ्यापेक्षा गडद असेल, जो आपल्याकडे अनेकींचा असतो, तर पीच किंवा नारिंगी करेक्टरचा पातळ हात द्यावा. मग प्राइमर किंवा थोडंसं कन्सीलर. एवढ्यानेच रंग निम्मा सुधारतो.

पहिली शेड मॅट हवी, त्वचेपेक्षा एक-दोन छटा गडद. ब्रशवरची जास्तीची पावडर झटकून पापणीच्या वरच्या खोबणीत गाडीच्या वायपरसारखा ब्रश इकडून तिकडे फिरवावा. डोळा उघडल्यावर ही खोबण दिसतच नसेल, तर आरशात सरळ बघत तिच्या किंचित वर लावावी. नाहीतर सगळी मेहनत घडीत गडप होते.

चमकदार शेड ब्रशपेक्षा अनामिकेने दाबून लावलेली जास्त छान बसते. घासू नये. शेवटी बाहेरच्या कोपऱ्यात गडद शेड, अगदी थोडी, आणि स्वच्छ ब्रशने कडा पुसट करून घ्याव्यात. फाउंडेशन यानंतर लावलं, तर गालावर सांडलेली पावडर आधी पुसून टाकता येते.

डोळ्यांची काळजी

हस्तकलेची चमकी डोळ्यांवर कधीही वापरू नये. तिच्या कडा धारदार असतात आणि बुबुळाला ओरखडा पडू शकतो. अनेक डब्यांवर उघड्या बरणीचं चिन्ह असतं. त्यात १२एम लिहिलं असेल, तर उघडल्यापासून १२ महिने वापरा असा त्याचा अर्थ. डोळे आले असताना वापरलेली आयशॅडो मात्र मुदतीची वाट न पाहता टाकून द्यावी, आणि बहिणीबरोबर पॅलेट वाटून वापरायची सवयही सोडलेली बरी.

काढताना रिमूव्हरमध्ये भिजवलेला कापूस मिटलेल्या डोळ्यावर काही सेकंद धरून ठेवावा, मग हलक्या हाताने खालच्या दिशेने पुसावं.