घरगुती कचरा कमी करणे

घरगुती कचरा कमी करणे म्हणजे टाकून द्यावी लागेल अशी वस्तू शक्यतो घरात न आणणे आणि आणलेली वस्तू टाकण्याची वेळ लांबवणे. कचरा गोळा करणे व त्याची विल्हेवाट लावणे हा कचरा व्यवस्थापनाचा भाग असून कचरा कमी करणे ही त्याच्या आधीची पायरी आहे. महाराष्ट्रातील घरांत ही सवय पर्यावरणाच्या विचारातून नव्हे, तर काटकसरीतून रुजली. ज्या वस्तूला भाव येतो ती सहसा कचऱ्यात जात नाही. त्यामुळे आज घराबाहेर पडणाऱ्या कचऱ्यात प्रामुख्याने गिऱ्हाईक नसलेल्या गोष्टी आढळतात : खरकटे, भाजीपाल्याचे अवशेष आणि वेष्टने.

पार्श्वभूमी

जुनी सुती लुगडी व धोतरे एकावर एक अंथरून, धावदोऱ्याने शिवून गोधडी तयार केली जाते. काही भागांत तिला वाकळ म्हणतात. गोधडीच्याही लायकीचे न उरलेले कापड पायपुसणे किंवा फडके म्हणून वापरात राही. बरे कपडे बोहारीण घेऊन जाई व मोबदल्यात भांडे देई. या व्यवहारात घासाघीस ठरलेली असे. तांब्या-पितळेचे फुटके भांडे मोडीच्या भावाने देऊन ती रक्कम नव्या भांड्याच्या किमतीतून वजा केली जात असे. ‘मोडीत काढणे’ हा वाक्प्रचार याच व्यवहाराची आठवण देतो. कल्हईवाला, पिंजारी, रफूगार, पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारे अशा अनेकांचा चरितार्थ वस्तूंचे आयुष्य वाढवण्यावर चालत असे.

स्टेनलेस स्टील, प्लास्टिक आणि कृत्रिम धाग्याचे कापड स्वस्त झाल्यावर हे गणित बदलले. दुरुस्तीचा खर्च नव्या वस्तूच्या किमतीजवळ पोहोचला की वस्तू टाकणे हेच ग्राहकाला सोयीचे वाटते. ही केवळ बेफिकिरी नव्हे. किमतींची रचनाच तशी झाली आहे.

स्वयंपाकघर

संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले व त्यातील सुमारे ६० टक्के घरांतून गेले. भारतीय घरांसाठी हा अंदाज दरडोई वर्षाला ५५ किलो आहे. साली, बिया यांसारखा न खाण्याजोगा भागही त्यात धरलेला असल्याने हा सगळाच आकडा नासाडीचा मानता येत नाही.

वाया गेलेल्या अन्नाबरोबर त्यासाठी मोजलेले पैसे आणि खर्च झालेला गॅसही वाया जातो, म्हणून बचतीची सर्वांत मोठी संधी येथेच आहे. मराठी स्वयंपाकात यासाठी स्वतंत्र पदार्थच आहेत. उरलेल्या भाताला फोडणी दिली जाते, शिळ्या पोळीचा कुस्करा किंवा गूळ-तूप घालून लाडू केला जातो, दोडक्याच्या शिरांची चटणी होते. साय विरजून लोणी काढतात, लोणी कढवून तूप होते आणि भांड्याच्या तळाशी उरलेली बेरीही साखर घालून खाल्ली जाते. उरलेल्या भाताबाबत मात्र सावधगिरी आवश्यक आहे. तो तासन्‌तास बाहेर राहिल्यास त्यात वाढणारे काही जिवाणू उष्णतेने नष्ट न होणारे विष तयार करतात, त्यामुळे नुसती फोडणी देऊन असा भात सुरक्षित होत नाही. भात लवकर निववून शीतकपाटात ठेवावा लागतो.

बाजार उठण्याच्या वेळी स्वस्त मिळालेली पालेभाजी निम्मी सडली, तर ती स्वस्त राहत नाही. घरात काय आहे हे पाहून यादी करणे हा उपाय साधा असला तरी परिणामकारक आहे.

ओल्या कचऱ्याचे खत

अटळ उरणाऱ्या ओल्या कचऱ्याचे घरीच खत करता येते. तळाशी व बाजूंना भोके असलेली बादली, कुंडी किंवा माठ त्यासाठी पुरतो. ओला कचरा बारीक करून त्यावर वाळलेला पाला, लाकडाचा भुसा किंवा नारळाच्या काथ्याचा चुरा टाकतात. विरजण म्हणून जुने खत किंवा आंबट ताक घालतात आणि काही दिवसांनी मिश्रण वरखाली करतात. दुर्गंधी येऊ लागल्यास ओलावा जास्त व हवा कमी आहे असे समजावे. सुका पाला वाढवल्यावर वास जातो. करवंट्या, हाडे व आंब्याच्या कोयी लवकर कुजत नाहीत. साधारण दोन-तीन महिन्यांत मातीसारखे काळपट खत तयार होते.

सुका कचरा

वर्तमानपत्रे, पुठ्ठे, बाटल्या व डबे रद्दीवाला विकत घेतो. ओला किंवा खरकटा कागद घेत नाही. म्हणूनच ओला व सुका कचरा वेगळा ठेवण्याला आर्थिक अर्थ आहे. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून साठवण्याची पद्धत अनेक घरांत आहे.

काटकसर आणि कचरा कमी करणे यांची दिशा येथे नेहमीच एक नसते. ‘मोठा पुडा घेतला की स्वस्त पडतो’ हा सर्वसाधारण सल्ला शॅम्पूला बहुतेकदा लागू पडत नाही. भारतात पुडीतील शॅम्पू बाटलीपेक्षा स्वस्त पडल्याचे अनेकदा दिसते. रोजच्या मिळकतीवर जगणारे कुटुंब पुडी घेते ते योग्यच हिशेब करून. पण अनेक थरांच्या त्या पुडीला भंगारात भाव नाही, आणि तिचा भार कचराकुंडीवर पडतो.

घराबाहेरचा कचरा

मुंबईतील देवनारचा कचरा डेपो १९२७ पासून वापरात आहे. पुण्याचा कचरा दीर्घकाळ उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांच्या हद्दीत टाकला गेला. तेथील ग्रामस्थांनी वेळोवेळी कचऱ्याच्या गाड्या अडवून आंदोलने केली. शहरातील घरात वाचलेल्या पैशाचा हिशेब घरमालक ठेवतो, पण टाकलेल्या कचऱ्याची किंमत बहुधा दुसऱ्याच गावाला मोजावी लागते.

पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना स्थापन झाली. तिच्यातून उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महानगरपालिकेशी केलेल्या कराराद्वारे घरोघरी जाऊन कचरा गोळा करते, आणि सुक्या कचऱ्याच्या विक्रीचे पैसे वेचकांना मिळतात. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार ओला, सुका व घरगुती घातक असे वर्गीकरण नागरिकांवर बंधनकारक करण्यात आले. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वेगळे देणे हा वर्गीकरणाचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. ते न पाळल्यास वेचक स्त्रियांना ते हाताने निवडावे लागतात. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्या व एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली.

मर्यादा

बारीक करणे, धुणे, वाळवणे, वेगळे ठेवणे या कामांना वेळ लागतो आणि हे काम बहुतेक घरांत स्त्रियांच्याच वाट्याला येते. बचतीच्या हिशेबात हा वेळ सहसा धरला जात नाही. लहान सदनिकांत खताच्या बादलीला जागा नसते. अशा ठिकाणी संपूर्ण सोसायटीचा एकच खतखड्डा अधिक व्यवहार्य ठरतो, मात्र त्याची देखभाल कोणी करायची हे आधी ठरलेले असावे लागते.