तीन अक्षरांची जागा

अटारी म्हटलं की आपल्याकडे आधी आठवतं ते वाघा सीमेजवळचं पंजाबातलं गाव. आमच्या वाड्यावर मात्र हा शब्द आला तो समुद्रमार्गे. शेजारचा एक तारवटी रजेवर घरी आला तेव्हा त्याने एक खोकं आणलं होतं. पुढे लाकडासारखी दिसणारी पट्टी, सोबत काळी दांडी आणि तीन-चार काडतुसं. टीव्हीला जोडलं की पडद्यावर चौकोनी ठिपके पळायचे आणि आम्ही पोरं त्यांच्या घरी रांग लावून बसायचो. खोक्यावर कंपनीचं नाव होतं. खेळ कुणी रचला, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. तेव्हा हा प्रश्न पडलाही नाही. पुढे या कंपनीची कथा वाचत गेलो तेव्हा मला वाटायला लागलं की तिच्या ऱ्हासाचं एक मूळ इथेच आहे.

नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी या दोघांनी जून १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात अटारी सुरू केली. नाव घेतलं 'गो' या जपानी खेळातून. तिथे 'अटारी' म्हणजे सोंगटी पुढच्या चालीत मारली जाण्याच्या बेतात असणं. बुशनेलने तरुणपणी जत्रेसारख्या करमणूक-उद्यानात काम केलं होतं, त्यामुळे लोक नाणं कशासाठी टाकतात हे त्याला चांगलं कळत होतं. त्याने ॲल अल्कॉर्न या नव्या अभियंत्याला हात बसावा म्हणून एक सोपा खेळ करायला दिला आणि थाप मारली की जनरल इलेक्ट्रिकचं कंत्राट आहे. तोच 'पाँग'. दोन फळ्या, एक चेंडू. सनीवेल गावातल्या एका दारूच्या गुत्त्यात यंत्र ठेवलं. थोड्याच दिवसांत निरोप आला, यंत्र बंद पडलंय. अल्कॉर्नने उघडून पाहिलं तर बिघाड वगैरे काही नव्हता. नाण्यांचा डबा काठोकाठ भरून यंत्र अडकलं होतं.

(पाँगची कल्पना पूर्णपणे अटारीची नव्हती. राल्फ बेअर यांच्या घरगुती यंत्रावर टेनिसचा खेळ आधीच होता. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९७६ साली तडजोड झाली. असो.)

घरगुती यंत्र काढायला भांडवल हवं होतं, म्हणून बुशनेलने १९७६ मध्ये कंपनी वॉर्नर कम्युनिकेशन्सला २ कोटी ८० लाख डॉलरना विकली. पुढच्या वर्षी आमच्या वाड्यावर आलं तसलं काडतुसांचं यंत्र बाजारात आलं. १९७८ संपता संपता बुशनेलला बाहेर पडावं लागलं. सूत्रं आली रे कसार यांच्या हाती. हे गृहस्थ आयुष्यभर कापडाच्या धंद्यात होते, आणि विक्री कशी करायची ते त्यांना उत्तम कळत होतं. त्यांच्या काळात अटारी प्रचंड वाढली, हे मान्य करायलाच हवं. पण खेळ रचणारा माणूस म्हणजे कोण, हे त्यांना उमगलं नाही.

१९७९ सालचा 'ॲस्टेरॉइड्स' बघा. एड लॉग आणि लाइल रेन्स यांनी रचलेल्या या खेळाची नाणी टाकून चालणारी ७० हजारांच्या आसपास यंत्रं खपली. भरपूर गुण मिळवणाऱ्याला पडद्यावर आपल्या नावाची तीन अक्षरं ठेवता येत. ती तीन अक्षरं टिकवण्यासाठी अमेरिकेतली पोरं खिसे रिकामे करत होती. म्हणजे नाणं टाकणाऱ्याला नाव होतं, खेळ रचणाऱ्याला नव्हतं!

त्याच वर्षी डेव्हिड क्रेन आणि त्याचे तीन सहकारी कसारांकडे गेले. आपण केलेल्या काडतुसांवर कंपनी कोट्यवधी कमावते, तर थोडा वाटा आणि खोक्यावर नाव द्या, इतकंच मागणं. क्रेनच्या सांगण्याप्रमाणे उत्तर मिळालं की काडतूस जुळवणाऱ्या कामगारापेक्षा तुमचं महत्त्व जास्त नाही. चौघे बाहेर पडले आणि त्यांनी 'ॲक्टिव्हिजन' काढली. अटारीच्याच यंत्रावर चालणारी काडतुसं ते विकू लागले, रचणाऱ्याच्या नावासकट. मग बघता बघता कुणीही उठून काडतुसं काढायला लागला. त्यांत टाकाऊच जास्त.

वॉरन रॉबिनेटने भांडण केलं नाही. 'ॲडव्हेंचर' या खेळात त्याने पार्श्वभूमीच्याच रंगाचा एक ठिपका लपवला. तो उचलून ठरावीक जागी नेला की एक गुप्त खोली उघडते आणि आत झळकतं: हा खेळ वॉरन रॉबिनेटने केला. कुणाला न सांगता तो नोकरी सोडून गेला. सॉल्ट लेक सिटीच्या एका मुलाने पत्र लिहून कळवलं तेव्हा कंपनीला पत्ता लागला. आमच्या देवळांचे खांब कोरणाऱ्या च्यारींची आठवण मला इथे हटकून होते. त्यांतल्या कुणी एखाद्या वेलीच्या पानामागे स्वतःची खूण ठेवली असेल काय?

पुढचं सगळं झपाट्याने घडलं. १९८२ च्या नाताळासाठी 'ई.टी.' चित्रपटावर खेळ हवा होता. हक्कांसाठी कोट्यवधी डॉलर मोजले आणि हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉला वेळ दिला पाच आठवडे. एरवी अशा खेळाला पाच-सहा महिने लागत. लाखो काडतुसं पडून राहिली. ७ डिसेंबर १९८२ रोजी विक्रीचा अंदाज खाली आल्याचं जाहीर होताच वॉर्नरचा शेअर कोसळला. १९८३ मध्ये तोटा ५० कोटी डॉलरच्या पुढे गेला. सप्टेंबरात न खपलेला माल ट्रकांत भरून न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचराभूमीत पुरला आणि वर काँक्रीट ओतलं. १९८४ मध्ये घरगुती यंत्रांचा विभाग जॅक ट्रॅमियलना विकला गेला. नाण्यांच्या यंत्रांचा, म्हणजे मूळचा धंदा वेगळा होऊन हात बदलत राहिला आणि २००३ मध्ये बंद पडला.

२६ एप्रिल २०१४ रोजी ती कचराभूमी उकरली. सुमारे १,३०० काडतुसं वर आली, त्यांत ई.टी.सुद्धा. बघ्यांच्या गर्दीत वॉर्शॉ उभा होता. तोवर तो मानसोपचाराकडे वळला होता. त्या पुरलेल्या खेळातही त्याने आपल्या नावाची आद्याक्षरं लपवली होती.