माहितीचा इस्नाद : सार्वजनिक संस्थांच्या नोंदींचा इतिहास आणि इंटरनेट

शैक्षणिक संस्था चालविणे ही एक अमानत आहे. देणगी देणारा विश्वासाने देतो. त्या विश्वासाचा हिशेब लिहून ठेवणे हे कार्यकारिणीचे कर्तव्य ठरते. पवित्र कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत (सूरह बकरा, 282) देण्याघेण्याचा व्यवहार लेखी करण्याविषयी व साक्षीदारांविषयी आहे, हे या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे. हदीसच्या अभ्यासकांनी तर एक पूर्ण शास्त्रच उभे केले. कथन कोणी कोणाकडून ऐकले, ती साखळी म्हणजे इस्नाद. आणि कथन करणाऱ्यांच्या चारित्र्याची व स्मरणशक्तीची छाननी म्हणजे अस्मा-उर-रिजाल. मजकूर कितीही सुंदर असला तरी साखळी तुटलेली असेल, तर तो पुराव्याच्या योग्यतेचा मानला जात नसे.

आज संस्थेचा सचिव घटनेचा नमुना, विश्वस्त-बदलाचा अर्ज किंवा आयकर सवलतीचे नियम इंटरनेटवर शोधतो, तेव्हा त्याच्यापुढे हाच जुना प्रश्न असतो : हे सांगणारा कोण? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार सुरतच्या डिंडोली भागातील संस्था डोळ्यांपुढे ठेवून केला आहे. उधना–जळगाव लोहमार्गाने खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे कापड उद्योगाच्या आधाराने उधना, लिंबायत, डिंडोली परिसरात स्थिरावली. येथील मुस्लिम कुटुंबांत घरी उर्दू, बाजारात मराठी व कचेरीत गुजराती असा त्रिभाषिक व्यवहार नवा नाही. परंतु संस्थेच्या कारभारात हीच गोष्ट अडचणीची ठरू शकते. त्याचे मूळ इतिहासात आहे.

एक रुपयात तपासणी

1860 चा एकविसावा कायदा, म्हणजे संस्था नोंदणी अधिनियम, हा या इतिहासाचा आरंभ होय. सात व्यक्तींनी एकत्र येऊन संस्था नोंदवावी व दरवर्षी कार्यकारिणीची यादी निबंधकाकडे द्यावी, अशी त्यात तरतूद आहे. त्याचे एकोणिसावे कलम विशेष महत्त्वाचे. मूळ कायद्यानुसार एक रुपया भरून कोणालाही निबंधकाकडील कागदपत्रे पाहता येत. शंभर शब्दांना दोन आणे देऊन प्रमाणित नक्कल मिळे, आणि ती नक्कल न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा मानली जाई. माहिती सर्वांना खुली आणि तिच्या खरेपणाला अधिकाऱ्याची सही, या दोन्ही गोष्टी एकाच कलमात आल्या.

पुढे 1923 च्या मुसलमान वक्फ अधिनियमाने मुतवल्लींवर मालमत्तेचे विवरण व तपासलेले हिशेब न्यायालयात दाखल करण्याचे बंधन घातले. मुंबई प्रांतात 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम आला. त्याने मंदिर, मठ, चर्च, अग्यारी, वक्फ आणि 1860 च्या कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय संस्था या सर्वांना धर्मादाय आयुक्तांच्या एकाच नोंदवहीत आणले.

एक कायदा, दोन वाटा

1 मे 1960 रोजी मुंबई राज्याचे विभाजन झाले. 1950 चा कायदा महाराष्ट्रात राहिला आणि गुजरातमध्येही राहिला. नंतर दोन्ही राज्यांनी त्याच्या नावातील ‘मुंबई’ हा शब्द काढून आपापले नाव घातले. कलमांचे क्रमांक बहुतांशी सारखे दिसतात. दुरुस्त्या मात्र ज्याच्या त्याच्या. 2017 मध्ये महाराष्ट्राने या कायद्यात केलेली दुरुस्ती गुजरातला लागू नाही.

डिंडोलीतील सचिवाची खरी अडचण येथे आहे. तो मराठीत शोधतो, तेव्हा त्याला मिळणारे कायद्याचे मराठी विवेचन जवळजवळ सर्व महाराष्ट्राचे असते. ते खोटे नसते, केवळ त्याच्या संस्थेसाठी नसते. उर्दूत शोधावे तर लखनौच्या जुन्या पुस्तिकांवर आधारलेला मजकूर हाती येण्याचा संभव; आणि उत्तर प्रदेशाचा 1960 चा स्वतंत्र वक्फ कायदा होता. आपल्या भाषेत लिहिलेले ते आपल्यासाठीच असणार, असा मनाचा कल असतो. सुरतेत तो कल घातक आहे. येथील अर्ज गुजरातच्या धर्मादाय कार्यालयात जातो, नमुना गुजरातचा लागतो. नव्या विश्वस्तांची नोंद वेळेत झाली नाही तर बँकेतील सह्यांपासून मालमत्तेच्या व्यवहारापर्यंत सर्व काही अडते, आणि त्याचा फटका शेवटी विद्यार्थ्यांना बसतो.

वक्फ की विश्वस्त संस्था?

मुस्लिम संस्थांपुढे आणखी एक प्रश्न असतो. 1995 च्या वक्फ अधिनियमाने वक्फ संस्था राज्य मंडळांकडे आल्या. मात्र मुस्लिमांनी स्थापन केलेली प्रत्येक संस्था वक्फ आहे काय? महाराष्ट्रातील प्रकरणात 20 ऑक्टोबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, प्रत्येक वक्फ ही सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था असली तरी मुस्लिमांची प्रत्येक विश्वस्त व्यवस्था वक्फ नसते. जून 2025 मध्ये सुरू झालेले केंद्राचे ‘उमीद’ पोर्टल वक्फ मालमत्तांसाठी आहे. आपली संस्था त्यात मोडते की नाही, हे संस्थेचा मूळ दस्तऐवज वाचूनच ठरते.

नोंदीचे मोल सुरतेला ठाऊक आहे. शाहजहानच्या काळात, 1644 मध्ये, हकीकत खान यांनी बांधलेल्या मुघलसराईत हजयात्रेकरू उतरत. आज तेथे महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय आहे. वक्फ मंडळाने 2021 मध्ये ही वास्तू वक्फ असल्याचा आदेश दिला. न्यायाधिकरणाने तो 2024 मध्ये रद्द केला. या वादाच्या गुणदोषांत न शिरताही एवढे म्हणता येईल की, पावणेचारशे वर्षांच्या वास्तूचे स्वरूपदेखील अखेर नोंदींच्या आधारेच तपासले जाते.

पोर्टलची पारख

ऑनलाइन स्रोतांच्या तीन पायऱ्या मानता येतील. पहिली, कायद्याचा मूळ पाठ. केंद्र सरकारचे ‘इंडिया कोड’ संकेतस्थळ, केंद्र व राज्यांची राजपत्रे, आयकर विभाग व गुजरात धर्मादाय आयुक्तांची संकेतस्थळे या पायरीवर येतात. दुसरी, संस्थांनी स्वतः भरलेली माहिती. नीती आयोगाचे ‘एनजीओ दर्पण’ उपयुक्त आहे, परंतु तेथील क्रमांक म्हणजे सचोटीचे प्रमाणपत्र नव्हे. तिसरी, सल्लागारांचे लेख व नमुने. ते वाचावेत, पण पहिल्या पायरीशी ताडून.

तारीखही पाहिली पाहिजे. करसवलतीची जुनी कायम नोंदणी 2021 पासून मुदतीची झाली. 1961 च्या आयकर कायद्याच्या जागी 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा कायदा लागू करण्याची तरतूद झाली. त्यापूर्वीच्या लेखातील कलमांचे क्रमांक आज दिशाभूल करू शकतात.

म्हणून प्रत्येक पानाला चार प्रश्न विचारावेत : हे कोण म्हणतो, कोणत्या कायद्याच्या आधारे, कोणत्या राज्यासाठी आणि कोणत्या तारखेस? उत्तरांची नोंद संस्थेच्या इतिवृत्तात ठेवावी, म्हणजे पुढील कार्यकारिणीला निर्णयाचा आधार समजेल. शंका उरल्यास कार्यालयातून प्रमाणित नक्कल घ्यावी. 1860 च्या कायद्याने त्या नकलेला दिलेले मोल पडद्यावरील मजकुराला आपोआप येत नाही. आपल्या बुजुर्गांनी कथनाची साखळी तपासण्यासाठी महिनोन्‌महिने प्रवास केला. आपल्याला तर सुरतेतल्या सुरतेत कचेरीपर्यंतच जायचे आहे.